विचारणारे, सांगणारे आणि लिहून घेणारे

पणजीत चर्चच्या चौकाला लागून जी बाग आहे तिला लोक म्युनिसिपल गार्डन म्हणतात. दुपारी डबा खाऊन झाला की आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे पाय मोकळे करायला तिथे येतात. मीही त्यातलाच. या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. एकदा बाकावर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाला मी सहज विचारले, "हा गार्सिया कोण रे?" तो म्हणाला, "असेल कोणी तरी पोर्तुगीज गव्हर्नर." त्याची तरी काय चूक? आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज नावाचा माणूस एक तर गव्हर्नर असतो, नाही तर पाद्री. हा दोन्ही नव्हता. हा वैद्य होता, आणि १० एप्रिल १५६३ रोजी जुन्या गोव्यात त्याचे एक पुस्तक छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तकात मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्रानेच कित्येक पाने खाल्ली आहेत. तरीही वनस्पतिशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या इतिहासात गोव्याचे नाव घ्यायचे झाले तर ते या पुस्तकापासून घ्यावे लागते.

पुस्तकाचे पोर्तुगीज नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर ‘हिंदुस्थानातील वनौषधी व द्रव्ये यांविषयीची संभाषणे’. यातला ‘संभाषणे’ हा शब्द महत्त्वाचा. हे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलण्यात आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो, पहिल्याला ते पटत नाही, तो पुन्हा विचारतो.

आज आपण ‘विज्ञान लोकांपर्यंत पोचवणे’ असे म्हणतो. टँकरने पाणी पोचवावे तसे. वर कुणाला तरी सगळे ठाऊक आहे, खालच्यांना ते ठाऊक नाही, मग फलक लावा, पत्रके वाटा, व्याख्यान ठेवा. शेवटी दोन मिनिटे प्रश्नांना, तीही चहा थंड होत नसेल तर. खालच्या माणसाकडेही काही ठाऊक असलेले असेल, आणि ते विचारून घ्यावे, हे फारसे कुणाच्या मनात येत नाही. म्हणून या साडेचारशेहून अधिक वर्षे जुन्या पुस्तकाबद्दल लिहावेसे वाटले.

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावचा. आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले, त्यांत हे कुटुंबही होते. सालामांका आणि अल्काला इथल्या विद्यापीठांत तो शिकला, आणि १५३४ साली मार्तिं आफोन्सो द सोझा याच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून गोव्यात आला. परत गेला नाही. पुढची चौतीस वर्षे, मरेपर्यंत, तो इथेच राहिला. मुंबईचे बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा नाताळाच्या सुमारास, हे त्याने कौतुकाने नोंदवले आहे.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची चांगली मैत्री होती. या मैत्रीतली एक गोष्ट मला फार आवडते. निजामशहाने ओर्ताला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली, आणि ओर्ताने निजामशहाला लॅटिन नावे. राजा आणि परदेशी वैद्य समोरासमोर बसून एकमेकांना शब्द शिकवताहेत. शिकवणी दोन्ही बाजूंनी चालू आहे. पुस्तकाचे बीज इथेच कुठे तरी असावे.

पुस्तकात बोलणारी मुख्य माणसे दोन. एक ओर्ता स्वतः. दुसरा डॉक्टर रुआनो, ओर्ताचा विद्यापीठातला जुना सोबती, नुकताच जहाजाने गोव्यात उतरलेला. हा रुआनो काल्पनिक आहे. युरोपातल्या ग्रंथांत जे शिकवतात ते सगळे त्याला तोंडपाठ. तो डायोस्कोरिडीसचा दाखला देतो, गॅलेनचा देतो, अरबी हकिमांचा देतो, आणि ओर्ता सांगतो, ‘ते राहू दे, मी इथे डोळ्यांनी काय पाहिले ते ऐक.’ ग्रीकांच्या नावाने मला भिववू नका, असा त्याचा एकूण सूर आहे. गंमत अशी की तरुणपणी ओर्ता स्वतः रुआनोच होता. म्हणजे हा माणूस पुस्तकभर आपल्याच जुन्या शिक्षणाशी वाद घालत बसला आहे. त्याने रुआनोला मूर्ख केलेले नाही. रुआनो पुरावा मागतो, अडवतो, शंका काढतो. शंका काढणाऱ्याला मान दिला की सांगणाऱ्यालाही नीट सांगावे लागते.

ओर्ताला लॅटिन उत्तम येत होते. विद्वानाने लॅटिनमध्येच लिहावे असा तो काळ. पण त्याने हे पुस्तक पोर्तुगीजमध्ये लिहिले, कारण इथे राहणाऱ्या जास्त माणसांना ते वाचता यावे. मराठीत शास्त्रविषय लिहिताना ‘हे इंग्रजीतच बरे’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

विषय तरी कोणते? नारळ, सुपारी, विड्याचे पान, आले, हळद, मिरी, वेलची, दालचिनी, आंबा, फणस, चिंच, भांग, अफू, धोतरा, कापूर, लाख, हिरे. आपल्या मागल्या दारी आणि वाण्याच्या दुकानात जे जे असते ते सगळे. आणि बोलणे चालू असताना घर थांबत नाही. आंतोनिया नावाची मोलकरीण आत-बाहेर करते, सांगितलेली पाला-मुळी आणून पुढे ठेवते. मुंबईहून आंब्यांची करंडी येते. मध्येच निरोप येतो, अमक्याच्या भावाला बरे नाही, ताबडतोब या.

हा शेवटचा निरोप पटकीच्या रोग्याचा आहे. पटकीचे युरोपीय माणसाने केलेले पहिले तपशीलवार वर्णन म्हणून ते संभाषण जगभर सांगितले जाते. रोगी किती तासांत जातो, नाडी कशी बुडते, डोळे कसे खोल जातात, सगळे त्यात आहे. रोगाला इथले लोक काय म्हणतात तेही तो नोंदवतो, आणि आम्ही पोर्तुगीज त्याचे ‘मोर्देशी’ असे वाकडे रूप करतो हेही कबूल करतो. हा शब्द आपली ‘मोडशी’. आजीच्या तोंडी असलेला, पोट बिघडले की निघणारा. पुढे फ्रेंचांनी या मोर्देशीचे आपल्या भाषेत ‘मोर द शियँ’ केले, म्हणजे कुत्र्याचे मरण. शब्द बिचारा कुठून निघाला आणि कुठे पोचला!

रुआनो विचारतो, इथले वैद्य यावर काय करतात? ओर्ता सांगतो, ते मिरी आणि जिरे घालून तांदळाची पेज देतात, पायांना डाग देतात, हातपाय आवळून बांधतात. मग आपण काय करतो तेही सांगतो. दोन्ही उपचार एकाच पानावर शेजारी शेजारी. आज आपल्याला कळते की त्यातले डागणे आणि बांधणे निरुपयोगी होते. पेजेचे तसे नाही. जुलाबाने अंगातले पाणी जाते तेव्हा मीठ घातलेली पेज द्या, असे आजचे डॉक्टरही सांगतात. ओर्ताला यातले खरे काय आणि खोटे काय ते ठरवता आले नसते. पण त्याने विचारले आणि लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ते ठरवता येते.

एक गोष्ट हिंगाची. विजयनगरला एका पोर्तुगीजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला वाताचा विकार, म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने पिठात कालवून त्याला भरपूर हिंग चारला. घोडा बरा झाला, राजाने तो चांगल्या किमतीला घेतला आणि औषध काय दिलेस म्हणून विचारले. हिंग, असे ऐकल्यावर राजा म्हणाला, मग नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न खायला घातलेस. पोर्तुगीज मनातल्या मनात पुटपुटला, देवांचे कसले, सैतानाचे! पण हे त्याने हळू आवाजात आणि आपल्या भाषेत म्हटले.

मला हे पुटपुटणे सबंध पुस्तकाची किल्ली वाटते. संभाषणात काही गोष्टी मोठ्याने बोलल्या जातात आणि काही पुटपुटल्या जातात. कोण मोठ्याने बोलू शकतो आणि कुणाला पुटपुटावे लागते, हे तो काळ आणि ते राज्य ठरवते.

ओर्ताच्या पुस्तकात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो. हे आपल्याकडच्या कुठल्या नावाचे पोर्तुगीज रूप असेल ते वाचकांनीच ताडावे. मालुपाला विचारले जाते, तो उत्तर देतो आणि निघून जातो. बाकीचे वैद्य ‘इथले हिंदू वैद्य असे म्हणतात’ एवढ्यावरच राहतात. आपले उपचार लागू पडेनात तर आपण इथल्या ब्राह्मण वैद्यांचे वापरतो, असे ओर्ता प्रांजळपणे सांगतो, पण ते ब्राह्मण वैद्य कोण, कुठल्या वाड्यावरचे, ते काही सांगत नाही. आंतोनियाला नाव आहे, पण मुळी तिने कुठून आणली, ती मुळी तिला कशी ओळखता आली, हे रुआनो विचारत नाही. एवढा चौकस माणूस, पण हा प्रश्न त्याला सुचला नाही.

आणि ओर्ता तरी मोठ्याने बोलू शकत होता का? गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. पुस्तक निघाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. ग्रीक पंडितांना न भिणारा हा माणूस स्वतःच्या घरात काय मानतो ते कुणाला सांगू शकत नव्हता. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली. हे सगळे दप्तरांत दडून होते. १९३४ साली पोर्तुगीज संशोधक ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी ते उजेडात आणले. तोवर ओर्ताच्या नावाने गौरवग्रंथही निघाले होते.

ओर्ता जिवंत असतानाच, १५६७ साली, दोन गोष्टी घडल्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही, पण मला त्या एकत्रच आठवतात. गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून औषधोपचार घेऊ नयेत असे ठरवले. आणि त्याच वर्षी युरोपात अँटवर्पला क्लुसियस या नामांकित वनस्पतितज्ज्ञाने ओर्ताच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला.

परिषदेचा ठराव कागदावरच राहिला असे दिसते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच माणूस लिन्शोटेन लिहितो की इथले हिंदू वैद्य खुद्द आर्चबिशपला आणि पाद्र्यांना औषध देतात. दिवसा बंदी आणि रात्री ताप चढला की बोलावणे. म्हणजे संभाषण थांबले नाही, पुटपुटण्यावर आले.

क्लुसियसचे काम अधिक टिकाऊ ठरले. त्याने पुस्तक वाचले, त्याची थोरवी ओळखली आणि ते युरोपभर पोचवले. त्याच्या सारांशाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मूळ पोर्तुगीज पुस्तक फारच थोड्यांनी पाहिले. पण सारांश करताना त्याने संभाषण काढून टाकले. रुआनो गेला, त्याच्या शंका गेल्या. आंतोनिया गेली. आंब्याची करंडी, रोग्याचा निरोप, सगळे पाल्हाळ म्हणून गेले. उरली ती माहिती, नीट क्रम लावलेली. क्लुसियसने वाईट हेतूने काहीच केले नाही. नीटनेटक्या माणसाला पाल्हाळ खपत नाही, एवढेच. पण माहिती कुणी कुणाला सांगितली आणि त्यावर कोण काय म्हणाले, हे एकदा गेले की ती माहिती आकाशातून पडल्यासारखी वाटू लागते.

यानंतर शंभर वर्षांनी, गोव्यापासून दूर, कोचीला याहून वेगळे काही घडले. त्यात माणसे मात्र आपली होती. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून गेलेली कितीतरी कोंकणी घराणी मलबारात स्थायिक झाली होती. कोचीच्या डच सत्तेचा प्रमुख हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ म्हणून तो ओळखला जातो. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. सुमारे ७४० वनस्पती, आणि प्रत्येकीचे ताम्रपटावर कोरलेले चित्र. चित्रावर नाव रोमन लिपीत, मलयाळम लिपीत, अरबीत आणि नागरीत.

या कामासाठी रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि इट्टी अच्युतन हा एळव समाजातला परंपरागत वैद्य होता. अच्युतनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वैद्यकाची पोथी होती. झाडे ओळखणारी माणसे रानातून डहाळ्या आणत, चित्रकार काढत, वैद्य नाव आणि गुण सांगत. मग ते मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये जाई. वैद्यांचे आपसांत मतभेद होत. व्हान रेडेने प्रस्तावनेत लिहिले आहे की त्यांचे वाद ऐकायला आपल्याला आवडे, कारण विरुद्ध मत असलेल्याचाही ते मान राखत.

व्हान रेडे काही साधुपुरुष नव्हता. तो कंपनीचा अधिकारी, आणि कंपनीला मसाले आणि औषधे हवी होती. पण त्याने एक गोष्ट केली जी ओर्ताला सुचली नाही आणि क्लुसियसने केली नसती. १६७५ साली या तिघा भटांनी एक दाखला लिहून दिला: आम्ही दोन वर्षे निघंटूच्या आधाराने ही माहिती दिली, ती खरी आहे. तो दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी, खाली नावे. अच्युतनचाही स्वतंत्र दाखला आहे, त्याच्या भाषेत आणि त्याच्या लिपीत. पुढे लिनिअसने वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरवताना हा ग्रंथ वापरला. डॉ. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते २००३ साली केरळ विद्यापीठाने काढले. आज साडेतीनशे वर्षांनी कुणी विचारले, हे तुम्हाला कुणी सांगितले? तर बोट ठेवायला नाव आहे. मालुपाचे घर कुठले ते कधीच कळणार नाही. रंगभटाचे नाव मात्र कुणी पुसू शकत नाही. आपल्या मुलखातून निघावे लागलेल्या माणसांची नावे परक्या मुलखातल्या ग्रंथात राहिली, हे वाचताना बरे वाटते आणि वाईटही वाटते.

हे सगळे मी एका कारणाने इतके मनावर घेतले आहे, आणि ते सांगून संपवतो.

एखादा मोठा प्रकल्प यायचा तर आपल्याकडे जनसुनावणी घ्यावी लागते. १९९७ पासून ती सक्तीची झाली, आणि २००६च्या अधिसूचनेत तिची रीत घालून दिली आहे. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, लोकांचे म्हणणे नोंदवायचे, शेवटी ते वाचून दाखवायचे. कागदावर पाहाल तर ओर्ताच्या पुस्तकाहून सुंदर संभाषण. काही वर्षांपूर्वी अशा एका सुनावणीला टिपणे घेण्यासाठी मला बसवले होते. सल्लागाराने पडद्यावर आकडे दाखवले, भूजलावर परिणाम नगण्य असे सांगितले. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. साडीचा पदर खोचून, ध्वनिक्षेपक नको म्हणून सांगून ती बोलली, "तीन वर्सां जालीं, मे म्हयन्यांत आमची बांय सुकता. पयलीं केन्नाच सुकूंक नाशिल्ली. राजवाक चार हात जोडचे पडले." सल्लागार हसून म्हणाला, मावशी, तो पावसाचा प्रश्न. लोकांत कुजबूज झाली. पुढचा माणूस बोलायला उठला.

मी लिहिले: ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली. सल्लागारांनी शंकेचे निरसन केले.’

नियमाप्रमाणे शेवटी ते वाचून दाखवले. शेवटची बस जायची वेळ झाली होती. कुणी हरकत घेतली नाही. उपस्थितांच्या यादीत त्या बाईची सही होती, पण तिचे म्हणणे तिच्या नावावर नव्हते.

पुढे घरी ओर्तावर वाचताना क्लुसियसपाशी आलो आणि थांबलो. त्या दिवशी त्या मंडपात भूजलाची एकच मोजणी अशी होती की जी कुणी तरी स्वतःच्या हाताने, तीन वर्षे, एकाच ठिकाणी केली होती. कुठली विहीर, कुठला महिना, केव्हापासून, किती हात. ती ‘चिंता’ नव्हती, ती नोंद होती. बाईचे म्हणणे बरोबर की सल्लागाराचे, हे मला ठाऊक नाही आणि ते ठरवणे माझे कामही नव्हते. लिहून घेणे हे माझे काम होते. मी नीटनेटके लिहिले, आणि त्यात राजवाचे चार हात गाळले.